गारांचे पोचे, तांबटाची मोगरी

त्या वेळी मी लहान होते. पासष्ट वर्षांची. आता सत्तरी ओलांडून बसल्यावर ती पासष्टीची पोरगी मला लांबून स्पष्ट दिसते. पदर कमरेला खोचलेला, गाडीची किल्ली करगोट्यासारखी कमरेला लटकवलेली, आणि आपल्याला जगातलं सगळं कळतं अशी खात्री. आज भेटली असती तर तिचा कान पिळला असता. पण तिनं केलेला एक उद्योग सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आमचे हे फौजेत ड्रायव्हर होते. बर्फातल्या घाटांतून ट्रक हाकलेला माणूस. पेन्शनीत आल्यावर त्यांनी एक छोटी पांढरी गाडी घेतली आणि तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही. काच पुसायची तर फडकंसुद्धा त्यांचं वेगळं. मग एका दिवाळीत, फराळाचं ताट हातात असतानाच त्यांची उजवी बाजू गेली. हात, पाय, आणि बोलणंही. शब्द डोक्यात असायचे पण तोंडापर्यंत येता येता अडकायचे.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पहिलं वर्ष मोलाचं. आठवड्यातून दोनदा व्यायामाला आणायचं, मंगळवारी आणि शुक्रवारी, खाडा करायचा नाही. आमच्या गावापासून मिरज तासाभरावर. सुरुवातीला भाड्याची जीप केली. तिचा ड्रायव्हर आणि आणखी कुणीतरी मिळून ह्यांना पोत्यासारखं उचलून आत ठेवायचे. ह्यांनी त्या वेळी डोळे मिटून घेतलेले असायचे. तिसऱ्या खेपेनंतर ते जीपकडे बघेनात. डाव्या हातानं खाटेचा पाय धरून बसले, सोडेचनात. मुलगा पुण्याहून समजावत होता, मी समजावत होते. मग मला कळलं की त्यांना मिरजेला जायचं नव्हतं असं नाही. त्यांना परक्याच्या हातानं उचलून घ्यायचं नव्हतं.

म्हणून मी गाडी शिकले. सांगलीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माझ्या शेजारी अठरा-अठरा वर्षांच्या पोरी. शिकवणारा मला म्हणायचा, काकू, क्लच सोडताना असं समजा की झोपलेल्या बाळाखालनं हात काढताय. हे मला एकदम जमलं. त्या पोरींना नाही जमलं. संक्रांतीला लायसन्स हातात आलं आणि लगेचच्याच मंगळवारी मी ह्यांना मिरजेला घेऊन गेले. माझ्या गळ्यात हात टाकून ते उतरायचे, तसेच चढायचे. रस्ताभर डाव्या हाताची बोटं डॅशबोर्डवर वाजवायचे. दोन वेळा वाजवलं की गियर बदल. एकदा जोरात वाजवलं की तुझं डोकं ठिकाणावर आहे का.

तर असं आमचं चाललं होतं. मूठ उघडू लागली होती. बोलणं मात्र घरातल्या घरात, तेही माझ्याशी. परका माणूस उंबऱ्यात दिसला की तोंडाला कुलूप.

चैत्र सरता सरताची गोष्ट. गुरुवार होता. मी आदल्या दिवशी कुरडया घातल्या होत्या आणि अंगणात दोन खाटांवर त्या वाळत होत्या. दुपारी आभाळ भरून आलं. आता पासष्ट वर्षांच्या त्या शहाण्या बाईनं काय केलं असेल? पत्र्याच्या शेडमध्ये गाडी होती. तिनं गाडी बाहेर काढली आणि कुरडयांच्या खाटा शेडमध्ये ढकलल्या. गाडीला काय, पाण्यानं धुतली जाईल, असा हिशोब.

पाऊस आलाच नाही. आल्या त्या गारा. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. पत्र्यावर असा आवाज की मला माझंच ओरडणं ऐकू येईना. हे खिडकीपाशी खुर्चीत होते, डाव्या हातानं खिडकीचा गज हलवत होते आणि गाडीकडे बोट दाखवत होते. मी डोक्यावर परात घेऊन धावले. परातीवर दोन गारा बसल्या आणि मी परत आले. दहा मिनिटांत सगळं आटपलं. अंगण पांढरंशुभ्र. गाडीच्या पुढच्या काचेचं कोळ्याचं जाळं झालं होतं आणि टपावर, बॉनेटवर, डाव्या दारावर देवी आलेल्या तोंडासारखे पोचे.

कुरडई मात्र एकही मोडली नाही.

गाडीचा पूर्ण विमा होता हे एक बरं. ह्यांनी दर वर्षी न चुकता भरलेला, कागद फौजेच्या डिस्चार्ज बुकाबरोबर पत्र्याच्या पेटीत. शुक्रवारी सकाळी कागदावरच्या नंबरला फोन लावला. एक दाबा, तीन दाबा, परत एक दाबा, मग वाजत राहिलेली पिपाणी, आणि शेवटी एक मुलगी. तिनं विचारलं, घटना घडली तेव्हा गाडी कोण चालवत होतं?

मी म्हटलं, "कुणी न्हाई. गाडी उभी हुती. आभाळ चालत हुतं."

मुलगी हसली नाही, पण तिनं नीट समजावून सांगितलं. उद्या सर्व्हेअर येतील, ते नुकसान बघून लिहून घेतील, त्यांच्या रिपोर्टवर पैसे मंजूर होतील. तोपर्यंत गाडीची कसलीही दुरुस्ती करायची नाही, आहे तशी ठेवायची, फोटो काढून ठेवायचे. मी हो हो म्हटलं. फोटोही काढले. काचेचे तीन आणि माझ्या अंगठ्याचे पाच.

मग मुलाला फोन केला. त्याचा जीव आमच्यात अडकलेला असतो, हे मला मान्य आहे. पण जीव अडकला की तो साहेबासारखा बोलतो. तो म्हणाला, आई, कंपनीनं खर्च दिला तर दुरुस्त करू. नाही दिला तर जुन्या गाडीवर एवढं घालायचं नाही, विकून टाकू. तुझं वय आहे का मिरजेच्या रस्त्यावर गाडी हाणायचं? बाबांसाठी मी चांगली गाडी लावून देतो, ड्रायव्हरसकट. रविवारी येतो आणि बघतो काय अवस्था आहे.

ड्रायव्हरसकट. म्हणजे परत ते परके हात, परत ते मिटलेले डोळे आणि खाटेचा धरलेला पाय. हे खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. फोनचा आवाज मोठा होता, त्यांनी सगळं ऐकलं होतं. शुक्रवार होता, मिरजेला जायचा दिवस. काच फुटलेली गाडी अंगणात आणि ह्यांनी सवयीनं सकाळीच बूट मागून घेऊन पायात चढवले होते.

आता इथं पासष्टीच्या त्या पोरीचं डोकं चाललं. रविवारी मुलगा येणार. त्याच्या आधी शनिवारी सर्व्हेअर येणार. दोघांनाही गाडी जरा बरी दिसली पाहिजे. गाडी चांगल्या अंगाची आहे, थोडंसंच लागलंय, असं दिसलं तर ते म्हणतील, करून टाका दुरुस्त. फारच वाईट दिसली तर दोघं मान हलवतील. हे तर्कशास्त्र मी कुठून आणलं म्हणाल, तर आमच्याकडे मुलगी दाखवतात तिथून. पोरीच्या पायाला भोवरी असली तर साडी जरा खाली सोडायची. गाडी दाखवायची तीही तशीच.

शिवाय पोचा लपवायची मला जुनी सवय. लग्न होऊन लोणंदकडून इकडे आले तेव्हा पहिल्या महिन्यात माझ्या हातून तांब्याचा हंडा आडाच्या पायरीवरून गडगडत गेला. सासूबाई भांड्यावरून हात फिरवून पोचे मोजणाऱ्या. मी तो हंडा पदराखाली, म्हणजे पदराखाली मावेल तेवढा, झाकून तांबट आळीत नेला आणि दिवे लागायच्या आत सरळ करून आणला. त्यांना कळलं नाही या आनंदात मी तीस वर्षं काढली. पुढं म्हातारपणी एक दिवस त्या सहज म्हणाल्या, तो हंडा लय चांगला ठोकला हुता गं त्यानं. तरीही मला अक्कल आली नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

त्याच तांबटाचा मुलगा, आता आमच्याच वयाचा, अजून गावात भांडी ठोकतो. ह्यांचा शाळेतला जोडीदार. मी त्याला भावजी म्हणते. शुक्रवारी संध्याकाळी मी त्याला बोलावलं. कंपनीच्या मुलीनं दुरुस्ती करू नका म्हटलं होतं, ते मला चांगलं आठवत होतं. पण ती तिकडं कुठं बसलीय, तिला काय दिसतंय?

भावजींनी बॉनेट उघडलं. खालून लोखंडी ठोकळा धरला आणि वरून लाकडी मोगरीनं हळूहळू ठोकायला लागले. हे सोप्यात खुर्चीवर बसून बघत होते आणि डावा हात जोरजोरात हलवत होते. मला वाटलं, उत्साह देतायत. पहिले चार-पाच पोचे खरंच वर आले. मग रंगाची खपली उडाली. मग दुसरी. एक पोचा वर आला की त्याच्या शेजारी चपटा दुसरा उमटायचा. अर्ध्या बॉनेटवर भावजी थांबले. घाम पुसला.

"वहिनी, हे तांबं न्हवं," ते म्हणाले. "तांबं तापवलं की मऊ हुतं, आपलं ऐकतं. ह्यो पत्रा रुसलेल्या जावयागत हाय. एका अंगानं समजावलं की दुसऱ्या अंगानं फुगतोय."

ते पैसे न घेता खालमानेनं निघून गेले. बॉनेट आधीपेक्षा वाईट दिसत होतं. गारांचे पोचे निदान गोल होते. मग मी दारं-खिडक्या रंगवून उरलेला पांढऱ्या रंगाचा डबा शोधला आणि जिथं जिथं खपल्या उडाल्या होत्या तिथं ब्रशनं ठिपके दिले. वरून बघितलं, मला ते छान वाटलं. चष्मा काढून बघितलं होतं.

शनिवारी सकाळी मी गाडी धुतली. आतले काचेचे बारीक कण वेचले. टायरांवर पाणी मारलं. चाकाला कुंकू लावायचं मनात आलं, ते कसंबसं आवरलं. पोहे भिजवून ठेवले.

सर्व्हेअर मोटारसायकलवर आला. चाळिशी उलटलेला, शांत, उन्हानं रापलेला माणूस. उतरल्या उतरल्या मला "नमस्कार, आजी" म्हणाला. आजी मी होतेच, पण परक्यानं पहिल्याच वाक्यात सांगायची काय गरज. मी पोह्यांची बशी पुढं केली. तो म्हणाला, काम झाल्यावर खातो. तिथंच मला शंका यायला हवी होती. बघायला आलेला माणूस आधी पोहे खातो.

त्यानं गाडीचा नंबर, आतला चासीचा नंबर बघून घेतला, कागद तपासले. मग त्यानं एक गंमत केली. गाडीच्या मागं जाऊन ओणवा झाला आणि गाल जवळजवळ टपाला टेकवून पत्र्यावरून आडवं बघायला लागला. खडूनं एकेका पोच्याभोवती गोल काढत गेला. टप झाला, डावी दारं झाली, डिकी झाली. मी बॉनेट आणि तो यांच्यामध्ये उभी. तो इकडं सरकला की मी इकडं, तो तिकडं की मी तिकडं. शेवटी तो म्हणाला, आजी, जरा बाजूला होता का.

त्यानं बॉनेटवर हात ठेवला. उचलला. अंगठ्याकडे बघितलं. अंगठा पांढरा झाला होता.

"इथं काय काम केलंय?" त्यानं विचारलं.

"कायबी न्हाई," मी म्हटलं. "ते कंपनीतनंच तसं आलंय."

"सहा वर्षांची गाडी आहे. रंग अजून वाळला नाही?"

त्याचा आवाज चढला नव्हता. तो माझ्याकडे बघत उभा होता, आणि मी उत्तर शोधत होते. अजून चार क्षण मिळाले असते तर मी कावळ्यावर ढकललं असतं. तेवढ्यात सोप्यातून आवाज आला.

"तां..." ह्यांचा आवाज. मान ताठ झालेली, गळ्याची शीर उठलेली. "तां...बट."

सर्व्हेअर वळला. ह्यांनी मोगरी हाणल्यासारखा डावा हात दोनदा हवेत मारला आणि माझ्याकडे बोट केलं. "हि...नं."

सहा महिन्यांत ह्यांनी परक्या माणसासमोर तोंड उघडलं नव्हतं. उघडलं ते माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला. मला रडू येत होतं आणि दात-ओठही खावेसे वाटत होते. दोन्ही एकाच वेळी करता येत नाही, म्हणून मी खाली ओट्यावर बसले.

मग मी सगळं सांगितलं. कुरडयांपासून. मुलगा रविवारी येणार, गाडी विकणार, मग ह्यांना परके हात उचलणार, हे सगळं. सर्व्हेअरनं ऐकून घेतलं. मग फाईल मिटली आणि त्याची अडचण सांगितली. पाहणीच्या आधी दुरुस्ती केली आणि वर लपवली, असं त्याला लिहावं लागेल. कोणता पोचा गारेचा आणि कोणता मोगरीचा हे आता कळायचं कसं? बॉनेटचं तर जाईलच, पण लपवाछपवी केली म्हणून कंपनी सगळाच क्लेम नाकारू शकते.

"मी खोटं लिहिणार नाही, आजी," तो म्हणाला. "पण तुमचं खरं मला सिद्ध करून द्या."

मी चप्पल न घालता भावजींकडे गेले. ते यायला तयार नव्हते, लाजेनं. मी म्हटलं, आवं, लाज मला वाटायला पायजे, तुमाला न्हवं. मग आले. हातात मोगरी नव्हती, पण सवयीनं मूठ तशीच वळलेली.

सर्व्हेअरनं विचारलं, तुम्ही कुठं कुठं ठोकलंय ते सांगता येईल का? भावजी त्याच्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघत राहिले. चाळीस-पन्नास वर्षं भांडी ठोकलेला माणूस, त्याला हे विचारणं. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवून सावकाश फिरवायला लागले, आंधळा माणूस नातवाचं तोंड चाचपतो तसे.

"पोचा हाताला आदी कळतुया, डोळ्याला मागनं," ते म्हणाले. "ह्यो गारंचा. तळ गोल हाय, बोटाचं पेर बसतंय. ह्यो माजा. हितं तळ चापट. ह्यो गारंचाच, पर मी एकदा मारलाय ह्याच्यावर. ह्यो माजा. ह्यो माजा. लिवा सायेब, माजा."

एकेका ठिकाणी ते थांबत, आणि सर्व्हेअर खडूनं गारेच्या पोच्याला गोल आणि मोगरीच्या खुणेला फुली काढत जाई. मधेच त्यानं टपावरचे चार गोल मोजपट्टीनं मोजले, मग बॉनेटवरचे. आकार जुळत होते. एकदा त्यानं मुद्दाम टपावरच्या एका जागी भावजींचा हात नेऊन ठेवला. भावजी डोळे न उघडता म्हणाले, ही जुनी हाय, गारंची बी न्हवं, माजी बी न्हवं. कशाची, नारळाची? हे सोप्यातून मोठ्यानं हसले. होता नारळच. दोन वर्षांपूर्वीचा.

सर्व्हेअरनं माझ्याकडून लिहून घेतलं की बॉनेटवर ठोकाठोकी मी माझ्या मर्जीनं करवली आणि रंगही मीच लावला. भावजींनीही सही केली, वळणदार. तेव्हा कुठं त्यानं पोहे खाल्ले. ते तोवर दगड झाले होते, आणि मला वाटतं त्यालाही थोडी शिक्षा व्हावी अशी देवाची इच्छा होती. जाताना त्यानं कसलंही आश्वासन दिलं नाही. जसं घडलं तसं लिहीन एवढंच म्हणाला. मग गाडीला किक मारता मारता म्हणाला, "आजी, आमच्याकडे गाडी दाखवताना खोड दाखवायची असते."

रविवारी मुलगा आला. त्यालाही मी आधीच सगळं सांगून टाकलं. तो चिडणार असं वाटलं होतं. तो खडूचे गोल आणि फुल्या बघत गाडीभोवती फिरला, मग बापाकडे जाऊन बसला आणि म्हणाला, बाबा, तुम्ही बोललात म्हणे? ह्यांनी त्याला तेच दोन शब्द परत ऐकवले, हातवाऱ्यासकट. मुलगा आतल्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. पण जाताना म्हणाला ते तेच. मंजूर झालं तर ठीक, नाही तर विकायची.

मग आठ दिवस वाट बघणं. मंगळवार गेला, शुक्रवार गेला. डॉक्टरीणबाई फोनवर सांगतील तसा मी घरीच व्यायाम घ्यायचे, पण माझ्या हातात त्यांच्यासारखी ताकद नाही. ह्यांची उघडत आलेली मूठ परत मिटायला लागली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट. रोज सकाळी मी ती बोटं सरळ करायची आणि दुपारपर्यंत ती परत आत वळलेली. फोन वाजला की दोघंही त्याच्याकडे बघायचो. बहुतेक वेळा कुणीतरी कर्ज हवं का विचारायचं.

नवव्या दिवशी मेसेज आला. मला त्यातली इंग्रजी अक्षरं लावता येईनात, म्हणून सर्व्हेअरलाच फोन केला. त्यानं वाचून सांगितलं. काच मंजूर, टप मंजूर, दारं, डिकी मंजूर. प्लास्टिक आणि रबराच्या वस्तूंचं नियमाप्रमाणे थोडं कापलंय. बॉनेट नामंजूर. एवढ्यावर सुटलात, असं तो म्हणाला नाही, पण मला ऐकू आलं.

गाडी उचलून सांगलीच्या वर्कशॉपात नेली. भावजी म्हणाले, मी येतू. का, ते विचारायचं धाडस मी केलं नाही. तिथं पोचे काढणारा कारागीर होता, त्याच्याकडे लांबच लांब वाकड्या सळया. तो ठोकतच नव्हता. सळई आतून घालायचा आणि पत्रा आतून किंचित किंचित दाबत वर आणायचा. रंगाला धक्का नाही. बघायला एका पट्ट्यापट्ट्यांच्या दिव्याचं प्रतिबिंब पत्र्यावर पाडायचा, पट्टा वाकडा दिसला की पोचा तिथं. भावजी तीन तास उभे राहून बघत होते, चहाला हललेसुद्धा नाहीत. शेवटी त्याला म्हणाले, दिवा कशाला लागतोय रं गड्या, हात लाव की. त्यानं हात लावून बघितला आणि भावजींना बसायला स्टूल दिलं.

वर्कशॉपवाल्यांनी बॉनेट बदलायचं का विचारलं. मुलगा फोनवर म्हणाला, घालतो मी पैसे, नवीनच टाक. मी घरी येऊन ह्यांना विचारलं. गाडी त्यांची. त्यांनी बराच वेळ शब्द जुळवला.

"रा...हू दे," म्हणाले. आणि हसले, डाव्या बाजूनं.

गंज चढू नये म्हणून नुसता रंग तेवढा मारून घेतला. रंगाखाली गोल आणि चपटे सगळे जसेच्या तसे.

पुढच्याच मंगळवारी आम्ही मिरजेला गेलो. मी गाडी दारात लावली, ह्यांनी माझ्या गळ्यात हात टाकला, आम्ही हळूहळू आत गेलो. डॉक्टरीणबाईंनी ह्यांची मूठ हातात घेतली, एकेक बोट उघडून बघितलं. जरा मागं गेलंय, म्हणाल्या, पण येईल परत, वेळ लागेल. मग काय कारणानं खाडे झाले असं त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी सुरुवात केली. "गा...रा." बाईंनी मला हातानं गप्प बसवलं आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. कुरडयांपर्यंत यायला ह्यांना दहा मिनिटं लागली. बाई हसून लाल झाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, हात मागं गेलाय, पण बोलणं केवढं पुढं आलंय. घरी काय केलंत तुम्ही?

मी काय सांगणार. मी म्हटलं, खोटं बोलले.

परत येताना पेट्रोल भरायला थांबलो. दुपारची वेळ, मागं चार गाड्या. पंपावरच्या माणसानं नळी लावली आणि बॉनेटकडे बघून विचारलं, आजी, कुणी धोंडे मारले काय वो हितं?

ह्यांनी डाव्या हातानं काच खाली केली. खोकले. मान ताठ केली. मला कळलं आता काय होणार ते.

"ही... माजी... बा...यको," त्यांनी सुरुवात केली.

मागचा हॉर्न वाजवायला लागला, मग त्याच्या मागचा. पंपावरचा माणूस नळी हातात धरून वाकून ऐकत होता. ह्यांना घाई नव्हती. ते एकेक शब्द शोधून, झटकून, नीट बघून बाहेर ठेवत होते, आणि तांबटापर्यंत यायला अजून बराच अवकाश होता. मी किल्ली काढून मांडीवर ठेवली आणि सीटला पाठ टेकून बसले.